आमच्या घरात कोणाचेही डोळे आलेले नाहीत

गॉगलला इंग्रजीत गॉगल म्हणत नाहीत, हे मला पदवीधर होऊन, लग्न होऊन, एका मुलीची आई होऊन मग कळलं. तेही त्या मुलीच्या देखत.

"मॅडम, डोळ्यांच्या डॉक्टरांनी हिला गॉगल लावायला सांगितलाय," मी शाळेच्या मुख्याध्यापिकेला म्हणाले.

"गॉगल पोहणारे लावतात," त्या म्हणाल्या. "नाहीतर वेल्डिंग करणारे. तुमची मुलगी यातलं काय करते?"

माझी मुलगी त्या वेळी खुर्चीभोवती गोल गोल फिरत होती. ती जन्मापासून अशीच फिरते, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणतात. शिशुवर्गात आहे.

"सनग्लासेस," मॅडमनी शांतपणे दुरुस्ती केली. मान खाली घालून मी तो शब्द गिळला. माणसाचा अपमान इंग्रजीत झाला की तो जास्त वेळ टिकतो असं माझं निरीक्षण आहे.

आता थोडं मागचं सांगते, पण थोडंच. भिंगरीला उन्हात डोळे उघडवत नाहीत. डॉक्टरांनी थेंब घातले, दिव्याखाली पाहिलं आणि म्हणाले, "काही रोग नाही. उजेड जरा जास्त टोचतो तिला. बाहेर काळा चष्मा लावा, मोठी होईल तसं कमी होईल." या तिन्ही वाक्यांपैकी पहिलं वाक्य सोडून बाकी सगळं मी लक्ष देऊन ऐकलं. पहिलं वाक्य अजून माझ्या कानात शिरलेलं नाही.

पण खरी गोष्ट मला डॉक्टरांनी नाही, शाळेच्या कुंपणाने सांगितली. भिंगरीच्या वर्गाच्या टीचर मला म्हणाल्या होत्या, "तुमची मुलगी किती गुणी आहे हो! मैदानावर लपाछपीत रोज आपणहून राज्य घेते." मला अभिमान वाटला. पण आईचं मन, दुसऱ्या दिवशी खेळाच्या तासाला कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभी राहिले. माझी लेक भिंतीला टेकून, दोन्ही हातांनी डोळे झाकून उभी होती खरी. पण कोणी लपलं नव्हतं. सगळी पोरं घसरगुंडीवर होती.

म्हणून मी मुख्याध्यापिकेच्या समोर बसले होते, आणि म्हणून मी वेल्डिंगचा तो टोमणाही सोसला.

"हे पाहा," मॅडम म्हणाल्या, "शाळेत खेळणी, दागिने आणि फॅशनच्या वस्तू आणायला बंदी आहे. तुमचं कारण खरं आहे, मी अडवणार नाही. पण वस्तू तिला सांभाळता आली पाहिजे. हरवली, तुटली, कोणी घेतली, तर तिने स्वतः सांगायला हवं. आणि आमच्या आवारात मुलं इंग्रजीतच सांगतात. शुक्रवारी मी तिला स्वतः विचारीन. जमलं तर परवानगी. नाही जमलं, तर खेळाच्या तासाला ती आत बसेल. वाचनाचा कोपरा आहे ना, छान आहे."

तो कोपरा मी पाहिला होता. तिथे एक मान मोडलेला कापडी जिराफ आहे आणि एक खिडकी. खिडकीतून घसरगुंडी स्पष्ट दिसते.

घरी येऊन मी पदर खोचला, म्हणजे ओढणी कमरेला बांधली, आणि कामाला लागले. पहिल्याच पायरीवर पाय घसरला. चष्मा मोडला तर त्याचं काय मोडलं हे सांगायला नको का? आणि काडीला इंग्रजीत काय म्हणतात?

"स्टिक," नवरा लगेच म्हणाला. विम्याच्या ऑफिसात त्याला कुठल्याही प्रश्नाला लगेच उत्तर द्यायची सवय लागली आहे. उत्तर बरोबर असण्याचं काम दुसऱ्या विभागाकडे असतं.

"हँडल असेल," सासूबाई म्हणाल्या.

"लिम," सासरे म्हणाले. त्यांनी सरकारी पत्रव्यवहाराच्या विभागात आयुष्य काढलं आहे आणि घरातलं इंग्रजी त्यांच्या ताब्यात असतं. "लिम म्हणजे अवयव. चष्म्याचे अवयव दोन, उजवा आणि डावा."

मी चष्म्याच्या दुकानात गेले. भिंगरीच्या मापाचा गॉगल (तोंडाला वळण लागायला वेळ लागतो, माफ करा) तिथूनच घ्यायचा होता. दुकानदार बोलका होता. इतका की मी 'लहान मुलीसाठी' एवढंच म्हटलं आणि त्याने पोलराइज्ड, ग्रेडियंट, मिरर असे शब्द काउंटरवर पत्ते वाटल्यासारखे टाकले.

"काडीला काय म्हणतात?" मी विचारलं.

"टेंपल."

मी त्याच्याकडे निरखून पाहिलं. बाईमाणूस बघून थट्टा करणारे लोक असतात. "आणि नाकावरच्या भागाला?"

"ब्रिज."

"म्हणजे चष्म्यावर देऊळही आहे आणि पूलही?"

"बिजागरीसुद्धा आहे, ताई. हिंज." तो मुळीच हसत नव्हता. मी सगळं पाठ करत घरी आले. रस्ता ओलांडताना ओठ हलत होते. एका आजोबांनी मला वाट करून दिली. त्यांना वाटलं मी स्तोत्र म्हणतेय.

तोवर सासऱ्यांनी कामाचा ताबा घेतला होता. सुटे शब्द शिकवणं ही त्यांच्या मते पाया न घालता भिंत बांधण्याची पद्धत आहे. त्यांनी नातीला मांडीवर घेऊन पूर्ण वाक्य शिकवलं: "आय बेग टू स्टेट दॅट माय सनग्लासेस हॅव बीन मिस्प्लेस्ड."

"बाबा, ती साडेतीन फुटांची आहे," मी म्हणाले.

"विनंती नम्र असावी. विनंती करणाऱ्याची उंची कोणी बघत नाही."

भिंगरीला वाक्याचा पुढचा भाग काही आला नाही, पण सुरुवात फार आवडली. त्या संध्याकाळपासून ती "आय बेग टू स्टेट दूध नको," "आय बेग टू स्टेट आजी ओरडते," असं बोलू लागली. सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

वरच्या मजल्यावरच्या मावशींना आमच्या घरात काय चाललंय ते पाइपातून कळतं. त्यांचा मुलगा परदेशात असतो, त्यामुळे परदेशाचा अंतिम निकाल त्यांच्याकडे.

"सनग्लासेस?" मावशी दारातूनच म्हणाल्या. "अगं, तिकडे कोणी सनग्लासेस म्हणत नाही. शेड्स म्हणतात. पोरीला जुनं इंग्रजी नको शिकवू. पुढे जड जातं."

मी शेड्सही घेतलं. वाया काही घालवायचं नाही, हा माझा स्वभाव.

आता शब्द जमले, पण शब्द ज्यावर चिकटवायचे ती वस्तू नाकावर बसेना. भिंगरी चष्मा लावायची, आरशात बघायची आणि काढून ठेवायची.

"का गं?"

"मी एकटीच का?"

मुलं असे प्रश्न विचारतात आणि मग फिरायला लागतात. आपण मात्र स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभे राहतो. मी तशी उभी राहिले आणि मला ती कल्पना सुचली. आज मागे वळून पाहताना वाटतं, त्या वेळी मला कोणी तरी दुसऱ्या कामाला लावायला हवं होतं.

कल्पना अशी: सगळ्यांनीच लावायचा. शुक्रवारपर्यंत, घरात, उठता बसता.

नवऱ्याने सहलीत घेतलेला आरशासारखा चमकणारा चष्मा काढला, मी माझा रोजचा साधा काळा. सासूबाईंना मी माझ्या कॉलेजच्या दिवसांतला दिला, कडेला खडे लावलेला. तो लावल्यावर त्या आपोआप मान तिरकी करून बोलू लागल्या. सासऱ्यांनी कपाटातून मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा चष्मा काढला. हिरवा, रुंद, कडांनीही झाकलेला. त्यातून ते थेट दवाखान्यातून पळून आल्यासारखे दिसत होते.

शिकवणी उत्तम सुरू झाली. जेवणाच्या टेबलाभोवती पाच काळे चष्मे आणि मी बोट दाखवून विचारतेय, "व्हॉट इज धिस?" "लेन्स!" "अँड धिस?" "ब्रिज!" सासूबाई सगळ्यांच्या आधी ओरडायच्या. त्यांना शाळेत कधी पहिलं यायला मिळालं नव्हतं, आता नातीला मागे टाकून त्या ती हौस भागवत होत्या.

दुष्परिणाम किरकोळ होते. चहात मीठ पडलं. नवऱ्याने एका पायात काळा आणि एका पायात निळा मोजा घालून ऑफिस केलं. सासूबाईंनी दिवाणखान्यातल्या प्लॅस्टिकच्या रोपाला दोनदा पाणी घातलं. सासऱ्यांनी दाराजवळच्या कोट टांगायच्या खांबाला "या, बसा" म्हटलं, आणि तो बसला नाही म्हणून त्यांना थोडा राग आला.

मोठा परिणाम दारातून आला. दूध टाकणाऱ्या माणसाने घंटी वाजवली. दार उघडलं हिरव्या चष्म्यातल्या सासऱ्यांनी. त्यांच्या मागे खड्यांच्या चष्म्यात सासूबाई. त्यांच्या मागे चमकणारा नवरा, मी, आणि खाली सगळ्यांच्या पायांत भिंगरी. माणसाने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि झटकन मान वळवली. दुधाची पिशवी जिन्यात ठेवली आणि तोंड फिरवूनच पायऱ्या उतरला.

जगात कुठेही एका घरात एवढ्या माणसांनी काळे चष्मे लावले तर त्याचा अर्थ एकच. घरात डोळे आलेत. आणि डोळे आलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाहिलं की आपलेही येतात, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. डॉक्टर नाही म्हणतात, पण डॉक्टरही बघत नाहीत.

दुपारी मावशींचा आवाज आला. बंद दारातून.

"अगं, थंड पाण्याने धुवा. टॉवेल वेगवेगळे ठेवा. आणि लिफ्टचं बटण कोपराने दाबा बाई, लहान मुलांची बिल्डिंग आहे."

"मावशी, आमच्याकडे कोणाचे डोळे आले नाहीत."

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात."

"मावशी, शेड्स हा शब्द तुम्हीच सांगितलात ना!"

"शब्द सांगितला. घरात लावून बसा असं कुठे सांगितलं?"

मी तावातावाने दार उघडलं आणि पुरावा म्हणून चष्मा काढला. चुकलं एवढंच, की मी कांदे चिरताना उठून आले होते. माझे लालभडक, वाहणारे डोळे बघून मावशी ज्या वेगाने जिना चढल्या, तो त्यांच्या गुडघ्यांच्या डॉक्टरांनी पाहायला हवा होता.

प्रकरण हातातून गेलं की आमच्याकडे ते सासऱ्यांच्या हातात जातं. त्यांनी मसुदा केला, सुवाच्य अक्षरात उतरवला आणि लिफ्टशेजारी चिकटवला: "सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, आमच्या घरात कोणाचेही डोळे आलेले नाहीत. कृपया अफवांवर विश्वास ठेवू नये." खाली सही, मजला आणि दाराचा क्रमांक.

ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही आता कळलं. संध्याकाळी लिफ्ट रिकामी वरखाली करत होती आणि माणसं जिन्याने. सासऱ्यांच्या सहीखाली कोणी तरी पेन्सिलने लिहून गेलं, "लवकर बरे व्हा."

"भावना चांगली आहे," सासरे म्हणाले, पण तोंड पडलं होतं.

गुरुवारी सकाळी शाळेतून टीचरचा फोन. "भिंगरीला पाठवू नका हं. तुमच्याकडे डोळ्यांची साथ आहे म्हणून कळलं. बरी झाल्याचं सर्टिफिकेट आणा, मग या."

"पण उद्या शुक्रवार! मॅडम विचारणार आहेत!"

"सर्टिफिकेट असेल तर या ना. नाहीतर मग पुढच्या सत्रात बघू."

पुढचं सत्र! मला तो जिराफ दिसला. आणि ती खिडकी. भिंगरीला काखोटीला मारून मी दवाखाना गाठला.

"काय होतंय?" नावं लिहून घेणारीने विचारलं.

"काही नाही. हिचे डोळे आले नाहीत असं लिहून हवंय."

"डोळ्यांची रांग वेगळी. बाहेरच्या व्हरांड्यात."

"पण आले नाहीत तिचे!"

"ते डॉक्टर ठरवतील. डोळ्यांच्या रांगेत बसा."

व्हरांड्यात साथ बसली होती. खरीखुरी, लाल, चिकट, रुमालात धरलेली. डोळे आले नाहीत हे सिद्ध करायला ज्यांचे आलेत त्यांच्यात जाऊन बसायचं, आणि सिद्ध होईपर्यंत ते येऊ द्यायचे नाहीत. मी बाकाच्या अगदी टोकावर, अर्धी हवेत बसले. श्वाससुद्धा बेताने घेत होते. श्वासाने डोळे येत नाहीत हे मला माहीत आहे. मला खूप गोष्टी माहीत असतात, त्याने काही फरक पडत नाही.

भिंगरीने मात्र रांगेवरून नजर फिरवली. बाकावरच्या झाडून सगळ्यांनी काळे चष्मे लावले होते. ती खूश झाली. तिने आपला चष्मा मागितला, लावला आणि काढायचं नाव घेईना. एवढंच नाही, माझ्या हातातून सुटून ती एका धिप्पाड गृहस्थांसमोर जाऊन उभी राहिली आणि बोट दाखवून म्हणाली, "ब्रिज."

"काय म्हणते ही?" त्यांनी रुमालाआडून विचारलं.

"लेन्स," भिंगरी म्हणाली. "फ्रेम. हिंज."

"हात लावू नकोस!" मी किंचाळले. पण आतून मला गुदगुल्या होत होत्या. येतंय की सगळं! न अडखळता येतंय! उद्याची मला काळजी उरली नाही, असं मी लिहिलं असतं, पण ते कोणालाच खरं वाटणार नाही.

डॉक्टरांनी तिला तपासलं आणि पेन उघडून थांबले. "हिचे डोळे आले नाहीत, असं लिहू? मग गोवर नाही, कांजिण्या नाहीत, पाय मोडलेला नाही, तेही देऊन टाकू का?"

"देता का?" मी विचारलं. शाळेचा काय नेम.

शुक्रवारी आम्ही मॅडमच्या ऑफिसात होतो. सर्टिफिकेट टेबलावर, चष्मा भिंगरीच्या हातात, भिंगरीच्या वेण्या घट्ट, माझी ओढणी त्याहून घट्ट.

मॅडमनी, खरं सांगते, फार प्रेमाने विचारलं. चष्म्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "व्हॉट इज धिस?"

भिंगरी पंख्याकडे बघत होती.

"व्हॉट डू यू कॉल धिस, डिअर?"

भिंगरी आपल्या बुटाकडे बघू लागली. काल अख्ख्या रांगेला चष्मे शिकवणारी पोरगी! माझ्याच तोंडून शब्द उतू गेले. "सनग्लासेस! शेड्स! फ्रेम, लेन्स, ब्रिज, हिंज, नोज पॅड, टेंपल, लेफ्ट अँड राइट!"

मॅडमनी चष्मा सोडून माझ्याकडे पाहिलं.

"व्हेरी गुड," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला शिशुवर्गात प्रवेश हवाय का?"

माझे कान तापले. तेवढ्यात भिंगरीने मान वर केली, मॅडमकडे सरळ पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आय बेग टू स्टेट..."

मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. मी टेबलाची कड धरली.

"...शू."

टीचर तिला घेऊन गेल्या. मॅडमनी खिडकीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते. मी सर्टिफिकेटची घडी घालत, उलगडत बसले. वाचनाच्या कोपऱ्यातला जिराफ घरी नेऊन मान शिवून आणावी, एवढंच आता आपल्या हातात आहे, असा विचार मी करत होते.

मग घंटा झाली. खेळाचा तास. पोरांचा लोंढा मैदानात घुसला आणि त्याच्यात, शू करून परत येणारी माझी लेक, चष्मा लावून, वाहत गेली. टीचरचा हात सुटला होता.

"येईल ती," मॅडम म्हणाल्या. आम्ही दोघी खिडकीशी उभ्या राहिलो.

दोन शेंड्यांची एक दणकट मुलगी भिंगरीपुढे आली. तिने आधी चष्म्याकडे टक लावून पाहिलं, मग सरळ तो ओढून काढला आणि स्वतःच्या नाकावर चढवला. भिंगरीचे दोन्ही हात डोळ्यांवर गेले. तशीच उभी राहिली ती, कुंपणातून पाहिली होती तशी.

मी धावणारच होते. मॅडमनी माझं मनगट धरलं. "थांबा."

"उजेड टोचतोय तिला!"

"मला दिसतंय. थांबा."

किती वेळ गेला मला माहीत नाही. माझ्या हिशेबाने भिंगरी दहावी पास झाली असती. मग तिचा एक हात खाली आला. एक डोळा मिचमिचत, गच्च आक्रसून, अर्धवट उघडला. त्या एका डोळ्याने तिने त्या मुलीला शोधलं, काडीला हात घातला आणि जी ओरडली ती आम्हाला बंद काचेतून ऐकू आली.

"गिव्ह! माइन!"

भिंतीवरची कबुतरं उडाली. दोन शेंड्यांनी चष्मा देऊन टाकला. भिंगरीने तो उलटा लावला, मग सुलटा लावला आणि गिरकी घेतली.

मॅडमनी माझं मनगट सोडलं. टेबलाशी जाऊन कागदावर सही केली. "झालं," त्या म्हणाल्या.

"पण मॅडम," मला राहवेना, "तिला बाकीचंही येतं हो. हिंजसुद्धा येतं."

"हिंज मोडली की बघू," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या पालकांना आत बोलावलं.

मी फाटकाबाहेर आले आणि सवयीने कुंपणाशी गेले. भिंगरी घसरगुंडीच्या शिडीवर होती. वर पोचली. काळ्या चष्म्यातून तिने मैदान पाहिलं, भिंत पाहिली, आभाळ पाहिलं. आता ती इकडे बघेल म्हणून मी हात उंच केला.

तिने बघितलं नाही. बसली आणि सर्रकन खाली गेली. लगेच पुन्हा शिडीकडे धावली. मी हात तसाच वर धरून ठेवला. दुसऱ्या खेपेला बघेल. दुसऱ्या खेपेला ती पोटावर झोपून घसरली.

माझ्या मागे एक टॅक्सी येऊन थांबली. "कुठे जायचं, ताई?"

मी हाताकडे पाहिलं. तो अजून वरच होता. आमचं घर त्या रस्त्याच्या टोकालाच आहे, मी उभी होते तिथून गच्ची दिसते. पण मी हात कोणासाठी वर केला होता, हे त्या भल्या माणसाला सांगत बसण्यापेक्षा टॅक्सीत बसणं सोपं होतं. मी दार उघडलं, आत बसले, ओढणी नीट केली आणि ताठ मानेने घरी गेले.